जंजिरा : पाण्यावरून पाहायचे घर

वाशिम जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला जाऊन मिळते. मात्र त्या समुद्रातल्या जंजिऱ्याशी या मुलखाचे नाते नदीपेक्षा इतिहासाने अधिक घट्ट जोडले होते. मुरुडजवळ राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेल्या खडकावर अहमदनगरच्या निजामशाहीने १५६७ ते १५७१ या काळात दगडी तट उभारला, आणि १५७४ मध्ये त्याच निजामशाहीने इमादशाही संपवून वाशिमसह वऱ्हाड ताब्यात घेतले. पुढे १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांच्या हवाली झाले, म्हणजे मधली बावीस वर्षे वाशिम आणि जंजिरा ही दोन्ही ठिकाणे एकाच सत्तेच्या अमलाखाली होती.

‘जंजिरा’ हा शब्द बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दावरून आला. दगडी किल्ल्याच्या आधी येथे कोळ्यांचा मेढेकोट होता. मेढेकोट म्हणजे लाकडाचे जाड ओंडके एकाशेजारी एक रोवून केलेले कुंपण. समुद्री चाच्यांपासून बचाव व्हावा म्हणून कोळ्यांनी ते उभारले होते, आणि त्यांचा प्रमुख राम पाटील याचे नाव परंपरेने जपले आहे. निजामशाहीच्या पिरमखानाने हा कोट दारूच्या पिंपांतून माणसे आत नेऊन घेतला, अशी कथा सांगितली जाते. पुढे येथे सिद्दींची सत्ता स्थिरावली. सिद्दी हे मूळचे पूर्व आफ्रिकेतले. अबिसीनियाला हबसाण म्हणत असल्याने त्यांना हबशी आणि त्यांच्या राज्याला हबसाण असेही नाव पडले.

धनवंतांची राखीव बेटे होडीतून फिरून पाहण्याचा व्यवसाय जगात अनेक ठिकाणी चालतो. अमेरिकेतील मायामी येथे उपसागराच्या तळातला गाळ उपसून तयार केलेल्या स्टार आयलंडभोवती पर्यटकांच्या बोटी फिरतात आणि किनाऱ्यावरची घरे लांबून दाखवतात. जंजिऱ्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, कारण येथे शतकानुशतके ज्यांनी बेटाला वेढा घातला त्यांना घर दिसू नये, दरवाजासुद्धा दिसू नये, अशाच बेताने बांधकाम झाले. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघाली की समोर पाण्यातून सरळ वर आलेला अखंड काळा तट दिसत राहतो आणि आत शिरण्याची जागा कुठेच सापडत नाही. होडी अगदी जवळ आल्यावर दोन बुरुजांच्या आडोशाला असलेला पूर्वाभिमुख दरवाजा एकाएकी उघड होतो. पश्चिमेला उघड्या समुद्राच्या लाटा थेट तटावर आदळतात आणि त्याच बाजूला दर्या दरवाजा आहे. संकटकाळी आतल्या माणसांना समुद्रात निसटता यावे म्हणून ही दुसरी वाट ठेवलेली होती.

म्हणून जंजिऱ्याचे खरे दर्शन होडीतच घडते, असे म्हणावे लागते. आज बहुतेक प्रवासी होडीतला वेळ केवळ वाहतुकीचा समजतात आणि आत गेल्यावर कलाल बांगडी तोफेपाशी छायाचित्रे काढून परततात. पण शीड उतरवून होडी दरवाजाशी लागते आणि हेलकावणाऱ्या फळीवरून ओल्या पायरीवर पाय टाकताना तोल सावरावा लागतो, त्या क्षणी वेढा घालणाऱ्यांची अडचण जितकी कळते तितकी ती कोणत्याही माहितीफलकावरून कळत नाही. दरवाजाजवळच्या शिल्पात वाघासारखा एक प्राणी पंज्यांत हत्ती दाबून उभा आहे. आत येणाऱ्याला दिलेला तो इशाराच आहे.

शिवाजी महाराजांनी या बेटासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि वायव्येला कासा खडकावर पद्मदुर्ग उभारला. तेथील तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेले आहेत, पण त्यांच्यामधला चुना तसाच टिकून राहिल्याने भिंतीवर उंच कडांची जाळी तयार झाली आहे. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंतची खाडी भरून सेतू बांधण्याचे काम हाती घेतले. परंतु मोगली फौजेचे संकट स्वराज्यावर आल्याने ते अपुरे राहिले. पहिल्या बाजीरावांच्या काळातील मोहिमेत जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात १७३६ मध्ये रेवसच्या परिसरात मारला गेला, तरीही बेट पडले नाही.

अजिंक्यपणाच्या या हकिगती इतक्या वेळा सांगितल्या जातात की जंजिरा हे एक राहते गाव होते, हे त्यात हरवून जाते, आणि ही उणीव अभ्यासकांनीही फारशी भरून काढलेली नाही. आत मोहल्ले होते, मशीद होती, सिद्दी सुरुलखानाचा तीन मजली वाडा होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव होते. ते नसते तर तोफा कितीही असोत, काही महिन्यांच्या वेढ्यातच बेटावरची माणसे तहानेने शरण आली असती. धान्य, भाजी, जळण मात्र किनाऱ्यावरूनच येई, आणि ते घेऊन येणाऱ्या होड्या कोळ्यांच्या व आसपासच्या गावकऱ्यांच्या होत्या. ज्या बेटावर परक्याला प्रवेश नव्हता, त्याचा रोजचा संसार अशा रीतीने शेजारच्या खलाशांच्या हातावर चालत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाने मुरुडला किनाऱ्यावर राजवाडा बांधला आणि सत्तेचे केंद्र जमिनीवर सरकले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि राजाश्रय सरल्यावर बेटावरची वस्ती हळूहळू उठून गेली. छपरे कोसळली, वाड्याच्या भिंतींतून झाडे उगवली, आणि किल्ला केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आला.

पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची वाहतूक बंद असते. समुद्र शांत झाला की राजपुरीच्या धक्क्यावर पुन्हा शिडे चढतात, तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख खलाशी, वाऱ्याचा रोख पाहून माणसे दोन्ही बाजूंना सारखी बसवतो, आणि होडी किनाऱ्यापासून सुटून त्या दरवाजा न दिसणाऱ्या तटाकडे वळते.