साहसाची शर्यत आणि सुरक्षिततेचे भान

शालेय क्रीडामहोत्सवातील अडथळ्यांची शर्यत सर्वांच्या परिचयाची आहे. तिचेच खडतर रूप आता डोंगरउतारावर, चिखलात व पाण्यात पाहावयास मिळते. उंच भिंत ओलांडणे, दोरावर चढणे, पाण्यात उडी घेणे हे त्यातील काही प्रकार. सह्याद्रीच्या रांगांनी वेढलेला नाशिक जिल्हा अशा उपक्रमांस अनुकूल आहे. मात्र त्यांच्या आखणीत थरार व सुरक्षितता यांचा मेळ घालणे अगत्याचे ठरते.

हरिहरचा धडा

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. सुमारे ८० अंशांच्या चढावर कातळात खोदलेला हा जिना पाहताच छाती दडपते. तथापि, पायऱ्यांच्या कडेला हातांच्या आधारासाठी खोबण्या आहेत. भय डोळ्यांना जाणवते. आधार मात्र हाताशी असतो. शर्यतीतील प्रत्येक अडथळा याच तत्त्वावर उभारला जावा. याच अरुंद जिन्यावर चढणारे व उतरणारे समोरासमोर आले की धोका वाढतो. म्हणूनच एका वेळी एका अडथळ्यावर किती जण असावेत, हे आधीच ठरविले पाहिजे.

दुर्लक्षाची किंमत

मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ स्पर्धक धावले. अचानक गारा, वादळी वारे व कडाक्याची थंडी यांनी गाठल्याने त्यांपैकी २१ जण मृत्युमुखी पडले. ऊबदार वस्त्रे जवळ बाळगण्याची सक्ती नव्हती आणि दुर्गम टप्प्यावर मदत वेळेत पोहोचू शकली नाही. इगतपुरी व त्र्यंबकेश्वर परिसरातील मुसळधार पाऊस, दाट धुके आणि निसरडे कातळ ध्यानी घेता हा इशारा आपल्यालाही लागू पडतो. हवामान बिघडल्यास शर्यत थांबविण्याचा अधिकार कोणाकडे राहील, हे प्रारंभीच निश्चित असावे.

आखणीतील दक्षता

पाण्याच्या अडथळ्यापाशी प्रशिक्षित जीवरक्षक असावेत. पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाची बाहेर येताना मोजणी व्हावी. उडीच्या जागी पाण्याची खोली व तळाचे दगड आदल्या दिवशी तपासावेत. प्रत्येक अडथळ्याला वळसा घालून जाणारी वाट ठेवावी, म्हणजे माघार घेणाऱ्यास संकोच वाटणार नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकते आणि तेथवर जखमीला कसे आणावयाचे, याचा सराव आधी करावा.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून जमीन, पाणी व हवेतील उपक्रमांच्या आयोजकांसाठी नोंदणीची व्यवस्था केली आहे. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षक व विमा यांची विचारपूस ग्रामपंचायतींनी व शाळांनी अवश्य करावी. ओढ्याचे पाणी केव्हा चढते, कोणती दरड सैल आहे, हे गावकऱ्यांना ठाऊक असते. त्यांचा सल्ला मार्ग आखण्यापूर्वी घेतला गेला, तर तरुणांच्या साहसास वाव मिळेल आणि त्यांच्या घरच्यांनाही निर्धास्त राहता येईल.