‘छावणी’ : अर्थ आणि व्याप्ती

धार जिल्ह्यातील सरदारपूर येथे ब्रिटिश अमदानीत माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. याच तहसिलीतील अमझेरा येथे नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. लढाईचा महिना ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण ‘छावणी’ या शब्दाचा उलगडा ऋतुमानातूनच होतो.

मराठी फौजा दसऱ्यास सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. पुढे पावसाळा लागला, नद्यांना पूर आले, की घोडी व तोफा चालेनाशा होत. अशा वेळी फौज माघारी येई. मुलूख दूरचा असेल तर तेथेच पाऊसकाळ काढी. चार महिने राहुट्यांत काढणे अवघड, म्हणून गवता-पाल्याची छपरे घालून निवारे उभारावे लागत. हिंदीत छप्पर शाकारण्यास ‘छाना’ म्हणतात. छावणी हा त्याच कुळातला शब्द होय. एका-दोन रात्रींचा असतो तो तळ. छप्पर पडले की छावणी. सरदाराचा स्वतंत्र मुक्काम तो गोट, आणि ‘सरकारी गोटातून समजते’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे हाच लष्करी गोट असतो.

१८१८ च्या मंदसोर तहानंतर महू येथे इंग्रजांची कायम छावणी वसली. पावसाळी मुक्काम हा अर्थ मागे पडून ‘लष्कराची वसाहत’ हा अर्थ रूढ झाला. त्याच महूच्या छावणीत १८९१ साली सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला.

पुढे शब्द लष्कराबाहेर पडला. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या झाल्या. राजकारणात ‘विरोधकांची छावणी’ आली. बंदोबस्त वाढला की ‘गावाला छावणीचे स्वरूप आले’ असे वृत्तपत्रे लिहितात. हिटलरच्या बंदिवासांना मराठीने ‘छळछावणी’ म्हटले. निवाऱ्याच्या शब्दाला छळ जोडावा लागला, यातच त्या क्रौर्याचे वर्णन आले.

ग्रामीण वाचकांच्या अधिक जवळची आहे ती चारा छावणी. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रात अशा छावण्या उघडाव्या लागल्या. सैन्य पावसामुळे छावणीत बसे. जनावरे पाऊस नाही म्हणून बसली. शब्दाचा कारणभाग असा पूर्ण उलटला, छप्पर मात्र सुटलेले नाही. वैशाखाच्या उन्हात दावणीवर सावली नसेल, तर तेथे चारा-पाणी कितीही असो, त्याला फार तर तळ म्हणता येईल.

कागदोपत्रीही हा भेद महत्त्वाचा आहे. चारा डेपोतून शेतकरी वैरण घेऊन घरी जातो; जनावर त्याच्याच गोठ्यात राहते. छावणीत जनावर मुक्कामास येते आणि त्याच्यामागे घरातील कोणी तरी माणूसही. तेव्हा पाणी, सावली व पशुवैद्यकीय देखरेख ही व्यवस्था चालकाकडे येते. ग्रामसभेच्या ठरावात ‘छावणी अथवा डेपो’ असे मोघम लिहिले जाते, ते टाळावे. गावाला वैरण हवी आहे की निवाऱ्यासह सर्व व्यवस्था, हे ठरवून तोच शब्द ठरावात घालावा.