चौकातला पांढरा

वारली चित्रांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर आणि त्रिकोणी अंगाची माणसं साड्यांवरून चहाच्या कपांवर पोचली. त्या पांढऱ्या रेषेपाशी मात्र कुणी थांबत नाही, आणि मला बरीच वर्षं ओढ आहे ती तिचीच. तांदूळ भिजवायचे, वाटायचे, पाणी घालून सरसरीत करायचे. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की कुंचला तयार.

तांदूळ कच्चाच हवा. शिजवला की त्यातले पिष्टाचे कण फुगून फुटतात, अर्धपारदर्शक होतात आणि उरते ती खळ. कच्च्या पिठात कण अखंड असतात, प्रकाश विखुरतात, म्हणून ते पांढरं दिसतं. पण कच्च्या पिठाला चिकटपणा जवळजवळ नसतो. मग ते टिकतं कसं? उत्तर भिंतीत आहे. कुडाला माती-शेणाचा लेप असतो, त्यावर शेणाचा किंवा गेरूचा हात. असा खरबरीत पृष्ठभाग पाणी ओढून घेतो आणि पिठाचे कण त्याच्या खाचाखोचांत अडकून राहतात. पुढे बुरशी आणि किडे ते खातात, भिंत पुन्हा सारवली जाते. त्याची कुणाला खंत नसते, कारण रेष काढली जाते ती लग्नासाठी.

लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकटीतलं चित्र, सवाशिणी काढतात. चौकटीच्या मधोमध पालघाट देवी येते, लग्न लावणारी धवलेरी गाते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. म्हणजे पीठ, काडी आणि भिंत, तिन्ही बाईच्या हातातली.

इथे चित्रकार भास्कर कुलकर्णी येतात. दिवाळी अंकांनी या माणसावर पानंच्या पानं खर्चायला हवी होती. 1966-67च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला आणि मधुबनी चित्रं घराबाहेर पडली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन फिरत होते. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर त्यांना भेटले जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं होतं आणि मातीत रेघा ओढून ते मनातलं सांगत. 1975मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. 1989मध्ये चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात पोचली, 2011मध्ये पद्मश्री मिळाली. 2018च्या मे महिन्यात मशे गेले.

मशे मोठे चित्रकार होते, त्यांच्या जाळ्यांचं आणि मासळीचं चित्र पाहिलेल्या कुणालाही ते पटवून द्यावं लागत नाही. पण कागदावर येताना रंगाची घडण बदलली. गुंडाळलेल्या कागदावरून नुसतं वाळलेलं पीठ सुटतं, म्हणून त्यात डिंक आला. कापडाला शेणाचा किंवा गेरूचा हात देऊन लहानशी भिंतच तयार करावी लागली. मग विक्री वाढली आणि पिठाच्या जागी पोस्टर कलरची बाटली आली. त्याच काळात रेष बायकांकडून पुरुषांकडे गेली. माझ्या मते हे दोन बदल वेगळे नाहीत. वाटण्याचं काम संपलं, लग्नाशी असलेली गाठ सुटली, आणि काडी कुणीही उचलावी अशी झाली. मशेंच्या आधी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चौक काढले, त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? कुलकर्णींना बोल लावायचा नाही. त्यांनी कागद आणला नसता तर या रेषेकडे शहराने वळूनही पाहिलं नसतं.

कारखान्यात बनणाऱ्या रंगाला आणखी एक बाजू आहे. डहाणूहून लोकलने दक्षिणेला निघालं की बोईसर लागतं. तिथल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत कृत्रिम रंग आणि त्यांची रसायनं बनवणारे कारखाने आहेत, आणि त्यांच्या सांडपाण्याविरुद्ध किनाऱ्यावरचे मच्छीमार हरित लवादापर्यंत गेले. पिठाचं पाणी ओतून दिलं तर कोंबड्या टिपतात. एवढा फरक रंगाविषयी लिहिणाऱ्याने नोंदवायलाच हवा.

वारली चित्राला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव जपतं, पीठ जपत नाही. संग्रहालयांनी फलकावर माध्यम नीट लिहावं: तांदूळ, डिंक, शेण, कापड, आणि पोस्टर कलर असेल तर पोस्टर कलर. ज्यांच्या कपाटांत चौकांची जुनी छायाचित्रं आहेत, त्यांनी ती घेऊन त्या पाड्यांवर जावं आणि ते चौक कुणी काढले हे विचारावं. काढणाऱ्यांच्या लेकी-सुना अजून तिथे आहेत.