दूध-भाकरी आणि कुत्र्याचे नाजूक पोट (लेखांक ५)

मागील लेखांकात कुत्र्याच्या पचनसंस्थेची रचना स्पष्ट करण्यात आली. प्रस्तुत लेखांकात ज्या कुत्र्याला खाल्लेले वारंवार मानवत नाही, त्याच्यासाठी अन्न कसे निवडावे याचा सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात विचार केला आहे. ‘नाजूक पोट’ हे कोणत्याही रोगाचे नाव नसून एका लक्षणसमूहाला रूढ झालेले सोयीचे नाव आहे, आणि पातळ विष्ठा, पोटातील गुरगुर, वायू किंवा अधूनमधून होणारी उलटी यांच्यामागे जंत, जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी, स्वादुपिंडाचे विकार, अन्नातील अचानक बदल किंवा विशिष्ट प्रथिनाची अ‍ॅलर्जी यांपैकी कोणतेही कारण असू शकते. त्यामुळे खाद्याचे महागडे पोते घरात येण्यापूर्वी विष्ठेची तपासणी होणे इष्ट ठरते. पशुवैद्यकशास्त्राचे शिक्षण देणारे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच, शिरवळ येथे १९८८ पासून कार्यरत आहे. पिल्लाला जुलाब व उलट्या एकाच वेळी सुरू झाल्यास, विष्ठेत रक्त दिसल्यास किंवा ती डांबरासारखी काळी झाल्यास प्रश्न आहाराचा उरत नाही, उपचारांचा होतो.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात धनगरांच्या कळपाबरोबर फिरणाऱ्या राखणीच्या कुत्र्याचे आणि शिकारीसाठी ख्यात असलेल्या सडपातळ कारवानी कुत्र्याचे परंपरागत अन्न म्हणजे दूध-भाकरी. कुत्रा मूळचा मांसाहारी असल्याने त्याला धान्य पचत नाही, असा समज अलीकडे शहरांतून बळावला असला, तरी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने त्याला छेद दिला. पिष्टमय पदार्थांचे पचन करणाऱ्या अमायलेज या विकराचे जनुक लांडग्यात दोन प्रतींत आढळते, तर कुत्र्यात त्याच्या प्रती चारपासून तीसपर्यंत असू शकतात, असे त्यात दिसून आले. म्हणजे चांगली भाजलेली ज्वारी-बाजरीची भाकरी बहुधा निर्दोष असते आणि संशय घ्यावा लागतो तो दुधावर. दुधातील साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, विघटन करणारे लॅक्टेज हे विकर पिल्लू अंगावरचे दूध सोडते त्यानंतर कमी होत जाते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचून पाणी ओढून घेते, तेथील जिवाणू ते आंबवतात, आणि त्यातून जुलाब व वायू उद्भवतात. म्हशीच्या दुधात लॅक्टोज सुमारे पाच टक्के असतेच, शिवाय सहा ते आठ टक्के स्निग्धांशाचा भार वेगळा. अशा कुत्र्याचे दूध बंद करून तीच भाकरी बिनमिठाच्या, बिनमसाल्याच्या पाण्यात कुस्करून उकडलेल्या अंड्याबरोबर दिली, तर कित्येकदा एवढ्यानेच भागते. कारवानी कुत्र्याच्या बरगड्या दिसणे हे त्या जातीचे लक्षण असल्याने तो खंगला असे समजून त्याला तूप-दूध चारणारा मालक आजार स्वतःच ओढवून घेतो.

उरलेला रस्सा कुत्र्यापुढे ओतण्याची रीत याहून घातक आहे. या भागातील स्वयंपाक कांदा-लसूण मसाल्यावाचून होत नाही, आणि कांदा व लसूण या दोहोंतील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात; शिजवल्याने वा वाळवल्याने हा दोष जात नाही. साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे लसूण घातलेले भडंग कुत्र्यासाठी वर्ज्यच मानावेत, परंतु सर्वांत गंभीर धोका तासगाव-सांगली परिसराची ओळख बनलेल्या द्राक्ष-बेदाण्यांचा आहे. द्राक्षांतील टार्टारिक आम्लामुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, असे अलीकडे मानले जाते. किती बेदाणे खाल्ल्यावर बाधा होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक बदलत असल्याने सुरक्षित मात्रा सांगता येत नाही, आणि द्राक्षे सुकून बेदाणा होताना हे आम्ल अधिक सांद्र होते. शेडवर बेदाणा सुकत असताना राखणीचा कुत्रा तेथे मोकळा असेल, तर त्याच्या उलटीचे कारण खाद्यात शोधणे व्यर्थ होय.

अ‍ॅलर्जीचा संशय असेल तेथे ‘नवे प्रथिन’ ही संकल्पना उपयोगी पडते. जे मांस वा जी डाळ त्या कुत्र्याने पूर्वी कधीच खाल्ली नाही, ते त्याच्यासाठी नवे. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू हे कुत्र्यांतील अन्नअ‍ॅलर्जीचे वारंवार आढळणारे कारक आहेत. पाश्चात्त्य बाजारात मेंढीचे मांस अपरिचित असताना त्याचे खाद्य ‘नाजूक पोटासाठी’ म्हणून रुजले, आणि तेच लेबल आता येथील दुकानांतही झळकते. परंतु माडग्याळी मेंढ्यांच्या प्रदेशात, जेथे कळपाच्या कुत्र्याला मेंढीचे मांस अपरिचित नाही, तेथे त्या लेबलाला अर्थ उरत नाही. त्याच्यासाठी कदाचित मासा नवा ठरेल. याला पर्याय म्हणजे जलविघटित प्रथिनांचे खाद्य, ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना सहसा ओळखत नाही. ते महाग असून पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

कोणतेही नवे अन्न सात ते दहा दिवसांत, जुन्यात पाव, अर्धे, पाऊण असे मिसळत आणावे. भात व उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी हे काही दिवसांचे पथ्य आहे. त्यात कॅल्शियम अत्यल्प असल्याने तोच कायमचा आहार केल्यास वाढत्या पिल्लाची हाडे कमकुवत होतात. अ‍ॅलर्जीच्या चाचणीसाठी निवडलेले अन्न साधारण आठ आठवडे, मध्ये बिस्कीट वा भाकरीचा तुकडाही न देता, चालवावे लागते, आणि लक्षणे थांबल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन ती परततात का हे पाहावे लागते. हा शेवटचा टप्पा बहुतेक मालक टाळतात, कारण बऱ्या झालेल्या कुत्र्याला मुद्दाम पुन्हा जुलाब लावण्याची कल्पना त्यांना क्रूर वाटते; तो टाळल्यास मात्र कुत्रा अन्नबदलाने बरा झाला की योगायोगाने, हे कळत नाही.