कॉकर स्पॅनिएल : घरी आणण्यापूर्वी

लोंबते रेशमी कान, पाणीदार डोळे आणि अखंड हलणारी शेपटी यांवर भुलून कॉकर स्पॅनिएलचे पिलू घरी आणणारी कुटुंबे आपल्या परिचयातही आढळतात. मुलांचा हट्ट असतो, दिवाळीचा मुहूर्त असतो. पिलाची किंमत सर्वजण विचारतात. त्याला रोज किती वेळ द्यावा लागेल, हे क्वचितच कोणी विचारते. या कुत्र्याच्या बाबतीत खरा हिशेब वेळेचाच आहे.

ही मूळची इंग्लंडमधील शिकारी जात. झुडपात दडलेल्या ‘वुडकॉक’ या पक्ष्याला हुसकावून उडवणे हे तिचे काम. त्यावरूनच ‘कॉकर’ हे नाव पडले. पूर्वी एकाच विणीतील पिलांची विभागणी केवळ वजनावर होत असे; २५ पौंडांच्या आतला तो कॉकर. अमेरिकेत गेल्यावर हा प्राणी लहान चणीचा, गोल डोक्याचा आणि अधिक दाट केसांचा झाला. तेथील केनेल क्लबने १९४६ मध्ये इंग्लिश कॉकरला निराळी जात म्हणून मान्यता दिली. डिस्नेच्या १९५५ मधील ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ या चित्रपटातील लेडी ही अमेरिकन शाखेची.

शिकारी वंशाचा प्राणी आपल्या घरात कसा, अशी शंका ज्येष्ठ मंडळी घेतात, आणि ती अनाठायी नाही. कॉकर माणसांशी, मुलांशी अत्यंत लाघवी. परंतु पक्षी दिसताच धावणे त्याच्या रक्तात आहे. गच्चीवर कबुतरांना दाणे टाकण्याचा नेम असलेल्या घरी ती जागा कुत्र्यापासून वेगळीच ठेवावी. त्याच्या नाकाला दुसरे काम द्यावे. घरात लपवलेला चेंडू शोधायला लावला, तर तो तासभर रमतो.

एकटेपणा मात्र त्याला सोसत नाही. सकाळी नऊला सर्वजण दुकानात आणि रात्री नऊला परत, असा क्रम असेल तर तो भुंकून शेजाऱ्यांना हैराण करील, चपला कुरतडील. दोष त्याचा नसेल.

आता कान. ते सुंदर दिसतात, पण आत हवा खेळत नाही, ओल टिकते, आणि पावसाळ्यात जंतुसंसर्ग सहज होतो. आठवड्यातून एकदा तरी कान उचलून पाहावे. दुर्गंधी, लाली किंवा सतत डोके झटकणे दिसले तर पशुवैद्य गाठावा. कापसाची काडी खोल घालू नये. जेवणाचे भांडे अरुंद आणि खोल असावे, म्हणजे कान अन्नात बुडत नाहीत. केस विंचरणे हेही नित्याचेच काम. चार दिवस टाळले की गुंता होतो.

आहाराविषयी आपल्या घरांत विशेष विचार हवा. मांजराप्रमाणे कुत्रा काटेकोर मांसाहारी नाही. संतुलित शाकाहारावर तो राहू शकतो. पण ‘दूध-पोळी घातली की झाले’ हा समज चुकीचा. प्रथिने, कॅल्शियम, बी-१२ यांचे प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी. आपल्या अनेक स्वयंपाकघरांत ती चिंता मुळातच नाही! धोका आहे तो मनुका, बेदाणे आणि चॉकलेट यांचा, म्हणजे नेमका सणासुदीच्या तबकांचा. प्रौढ कुत्र्याला दोन वेळचे जेवण पुरते, त्यामुळे संध्याकाळचे सूर्यास्तापूर्वी देण्यात अडचण नाही. मात्र कॉकर खादाड आहे आणि लवकर स्थूल होतो. पाहुण्यांनी प्रेमाने पुढे केलेला पेढा नम्रपणे परत करावा.

या जातीत डोळ्यांचे काही विकार आनुवंशिक आहेत. म्हणून पिलाच्या आईबापांची तपासणी झाली आहे का, हे विचारावे आणि शक्यतो आई प्रत्यक्ष पाहावी. आठ आठवड्यांच्या आतले पिलू घेऊ नये. रेबीजची लस टाळू नये.

कॉकरचे आयुष्य साधारणपणे १२ ते १४ वर्षांचे. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला ही मुदतपूर्व न मोडता येणारी ठेवच वाटते. आज पाचवीत असलेला नातू तोवर शिक्षण संपवून परगावी गेलेला असेल. म्हाताऱ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ जिना उतरवण्याचे काम बहुधा घरातील आजी-आजोबांवरच येते. पिलू ठरवताना त्यांना आधी विचारावे.