दोन चाके, चार चाके आणि एकच माळ

डोंगर कोणाचा, हा प्रश्न आपल्या आजा-पणजांच्या काळी फारसा कोणी विचारीत नसे. निपाणीहून तवंदीच्या घाटाकडे आणि तेथून पुढे बेळगावाकडे येताना दोहो बाजूंस जे माळ व टेकड्या दिसतात, तेथे धनगरांची मेंढरे चरत, बायका सरपण वेचीत आणि उन्हाळ्यात पोरे करवंदांच्या जाळ्या धुंडाळीत. आता त्याच माळांवर सुटीच्या दिवशी आणखी दोन प्रकारची माणसे येऊ लागली आहेत. एक, जाड टायरांची गिअरची सायकल दामटीत चढ चढणारा. दुसरा, मोटारसायकलीवरून किंवा चारही चाकांना जोर असलेल्या जीपगाडीतून दगडधोंड्यांत वाट काढणारा. दोघेही मौजेसाठी येतात. पण सायकलवाल्यास मोटारीचा धूर व गोंगाट खपत नाही, मोटारवाल्यास सायकलवाला आडवा येतो, आणि मेंढपाळास, खरे सांगावयाचे तर, दोघेही नकोसे असतात. या मंडळींत आपल्याच घरांतील मुलेही असतात, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

हे भांडण आपल्याकडे नवे असले तरी जगात नवे नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी मालकीची राने व पडीक जमिनी अफाट पसरल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या तेथे सामान्य लोकांच्या हाती आल्या, मागाहून हलक्या मोटारसायकली आल्या, आणि लोक रस्ता सोडून रानात शिरू लागले. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हुकूम काढला की, सरकारी जमिनींवर अशा गाड्या कोठे चालवू द्याव्यात व कोठे नाही, हे त्या त्या खात्याने ठरवून जाहीर करावे. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यास धार आणली. जेथे माती, झाडोरा वा वन्य प्राणी यांची मोठी हानी होत असेल, तेथील वाट तत्काळ बंद करावी, असे त्यांनी फर्माविले.

सायकलवाल्यांची कथा याहून गमतीची आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्या भागातील काही तरुणांनी जुन्या जड सायकली दुरुस्त करून त्या डोंगरउतारावरून भरधाव सोडण्याचा छंद लावून घेतला. १९७६ साली त्यांनी तेथे शर्यत भरविली. उतार इतका तीव्र होता की, मागच्या चाकातील ब्रेकचे वंगण जळून त्याचा धूर होई आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. त्या वाटेस नावच पडले ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरा! आज आपल्या बाजारपेठेत जी डोंगरी सायकल विकावयास येते, तिचा वंश थेट तेथवर जातो.

पण पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांना वळणावर अंगावर येणारी सायकल सहन होईना. तक्रारी झाल्या, अरुंद पाऊलवाटा सायकलींस बंद होऊ लागल्या. ‘अस्पर्श रान’ म्हणून राखलेल्या प्रदेशांविषयी १९६४ सालचा एक कायदा तेथे होता. त्यात मोटारीबरोबरच कोणत्याही यांत्रिक वाहनास मनाई होती. १९८४ साली वनखात्याने नियमात स्पष्टच लिहिले की, सायकलही त्यात आली. ज्या सायकलीस पेट्रोलचा थेंब लागत नाही, ती मोटारीच्या पंक्तीस बसली. सायकलवाल्यांना हे फार लागले.

त्या सुमारास दोन्ही पक्षांनी आपापल्या संघटना उभारल्या. १९८७ साली आयडाहो राज्यात मोटारसायकल, जीप आणि बर्फावरील गाड्या चालविणाऱ्यांची ‘ब्लूरिबन कोअॅलिशन’ निघाली. १९८८ साली कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी मिळून ‘इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन’ स्थापिली. मोटारवाल्यांचे म्हणणे असे की, आज आमची वाट बंद झाली, उद्या तुमची होईल, तेव्हा एकत्र या. सायकलवाल्यांपैकी पुष्कळांस हे पटेना. मोटारवाल्यांच्या हातात हात घातला की आपणही मोटारवालेच ठरू, अशी त्यांना धास्ती. ही धास्ती अगदीच अनाठायी होती असे मला वाटत नाही. या दोघांची मैत्री प्रेमाने झाली असे मानण्याचे कारण नाही. ती गरजेने झाली, आणि जेथे झाली तेथे पैशाच्या चोख हिशेबाने झाली.

तो हिशेब मुळातून पाहण्याजोगा आहे. मोटारसायकल व जीप रानात चालते तेव्हाही तिच्या पेट्रोलवर रस्त्यांसाठी म्हणून कर द्यावा लागतो. पण तो पैसा जाई मोठ्या रस्त्यांकडे. तेव्हा रानात जळालेल्या पेट्रोलचा कर रानातील वाटांसाठीच खर्च व्हावा, अशी मागणी झाली. १९९१ साली आयडाहोचेच सिनेटर स्टीव्ह सिम्स यांच्या नावाने तसा कायदा झाला. वाटणी अशी ठरली: शंभरातील ३० भाग मोटारींच्या वाटांस, ३० भाग पादचारी, सायकल, घोडे यांच्या वाटांस, आणि उरलेले ४० भाग ज्या वाटा अनेक प्रकारचे लोक वापरतात अशांस. कर भरला मोटारवाल्याने, आणि त्यातून सायकलवाल्याच्या वाटेची डागडुजी झाली! हे मोटारवाल्यांनी मान्य केले, कारण त्यांना साथीदार हवे होते. १९९२ साली या सर्व प्रकारच्या संघटनांनी मिळून तो निधी टिकविण्यासाठी एक संयुक्त मंडळ उभे केले.

आणखी एक काम उल्लेखनीय आहे. १९८५ साली तेथील वनखात्याने ‘हलके पाऊल टाका’ अशा अर्थाची एक मोहीम सुरू केली. १९९० साली ती स्वतंत्र संस्था झाली. आखून दिलेली वाट सोडू नये, चिखल असेल त्या दिवशी गाडी काढू नये, ओढा ओलांडण्याच्या ठरल्या जागीच ओलांडावा, गुरे दिसताच वेग कमी करावा, अशी ही शिकवण. आपल्या शेतकऱ्यास ती निराळी सांगावी लागणार नाही. ओल्या रानात बैलगाडी घातली तर चाकोरी पडते, चाकोरीतून पाणी धावते, आणि दोन पावसाळ्यांत तेथे घळ होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. मोटारीचे चाक जागीच गरगरले की हेच काम दोन मिनिटांत होते. सायकलचे चाक बारीक खरे, पण उतारावर करकचून ब्रेक दाबीत नेले तर तेही माती उकरते.

मात्र या सलोख्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आयडाहोतील बोल्डर-व्हाइट क्लाउड्स नावाच्या डोंगरांचे काय करावे, हा वाद कित्येक वर्षे चालला होता. सायकलवाल्यांनी तेथे रानप्रेमी संस्थांशी समझोता करून निराळ्या स्वरूपाच्या संरक्षणाची मागणी केली, म्हणजे रानही राहील आणि सायकलही चालेल. मोटारवाल्यांचा मोठा गट त्या मागणीच्या विरोधात होता. अखेर ७ ऑगस्ट २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची सही होऊन सुमारे २,७५,००० एकर प्रदेश ‘अस्पर्श रान’ ठरला. त्याच्या सीमा आखताना मोटारसायकलींच्या काही मुख्य वाटा बाहेर ठेवल्या गेल्या, आणि सायकलवाल्यांना जीव की प्राण असलेल्या कासल डिव्हाइड व अँट्स बेसिन या दोन वाटा मात्र आत गेल्या. मोटार राहिली आणि सायकल बाहेर पडली! दोन्ही गटांनी आधीच एकत्र बसून आपल्या वाटांचा एकच नकाशा पुढे ठेवला असता तर काय झाले असते, यावर तेथील मंडळी अजून बोलत असतील.

आता घराकडे वळू. गोव्यात २०१४ साली भर पावसात जीपगाड्यांची एक मोठी स्पर्धा सुरू झाली. ज्यांना हा खेळ कोठे शोभतो ते पाहावयाचे आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तेथे जागा नेमलेली असते आणि नियम बांधलेले असतात. याउलट साताऱ्याजवळचे कास पठार पाहा. पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत ते एक. आपल्या निपाणीस जवळ असलेले राधानगरीही त्यांतच. कासची माती म्हणजे जांभ्या खडकावरचा नुसता पातळ पापुद्रा. त्यावर फुलांचे गालिचे येतात ते काही आठवडे, आणि चाक फिरले की पापुद्रा गेला. तेथे आसपासच्या गावांच्या समित्यांनी वनखात्याबरोबर कारभार हाती घेतला, शुल्क लावले, दिवसास ३,००० माणसांची मर्यादा घातली. गर्दी येते, पण हिशेबाने येते, आणि त्यातून गावच्या पोरांना काम मिळते. खानापूर तालुक्यातील भीमगड हे २०११ सालापासून अभयारण्य आहे. तेथे परवानगीवाचून गाडी घालणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा होतो. हौशी तरुणांनी निदान एवढे तरी जाणून असावे.

परंतु आपल्या भागात खरा धोका मला चाकांपासून तितका दिसत नाही. गायरान, ज्यास कानडी दप्तरात ‘गोमाळ’ म्हणतात, ते हळूहळू आक्रसत चालले आहे. कर्नाटकाच्या महसूल नियमांत दर शंभर जनावरांमागे बारा हेक्टर चराऊ जमीन राखण्याचे प्रमाण सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील एका तळ्याच्या खटल्यात स्पष्ट बजावले की, गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे कायम करू नयेत, ती हटवावीत आणि त्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात. कागदावर आधार इतका भक्कम. पण माळावर कोणी कुंपण घातले, कोणी मुरूम खणून नेला, तर हाक मारणार कोण? मेंढपाळ एकटा बोलला तर त्याचे कोण ऐकतो? सायकलवाले शहरचे म्हणून गावास परके, जीपवाले श्रीमंतीचे चोचले म्हणून टीकेचे धनी. तिघेही आपापल्या जागी गप्प, आणि माळ गुंठ्यागुंठ्याने चालला.

सुगी आटोपल्यावर हे तिघे एका कट्ट्यावर बसले तर करण्याजोगे काम फार अवघड नाही. कोणती वाट गुरांची, कोणती सायकलची, जीप कोठवर येईल, जून ते सप्टेंबर कोणती वाट अजिबात बंद, हे एका कागदावर उतरविता येते. त्याआधी मात्र जमिनीचा उतारा काढून पाहावा. त्यात ती जमीन गोमाळ म्हणून लागली आहे की वनखात्याची, की आणखी कोणाच्या नावावर चढली आहे, हे पाहिल्यावाचून पुढचे बोलणे व्यर्थ. उतारा तालुक्याच्या कचेरीत मिळतो. आणि हा विषय ग्रामसभेपुढे यावा म्हणून पंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा, त्यावर सह्या तिन्ही प्रकारच्या लोकांच्या असाव्यात, आणि अर्जाची पोच शिक्क्यासह जपून ठेवावी.