जुन्या मोटारीच्या पोटातील साका

१९६१ पूर्वीच्या गोव्यात परदेशी मोटारी सहज मिळत. खनिजाच्या निर्यातीने पैसा खेळत होता. सीमेपलीकडे भारतात मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध असता डिचोलीच्या तांबड्या धुळीत जर्मन गाड्या धावत. आमच्या तीर्थरूपांची १९५७ सालची ऑपेल रेकॉर्ड त्यांतलीच. पेडणे महालातील दुकानदारांकडे वसुलीस ते तिनेच जात. ते निवर्तल्यावर गाडी वखारीच्या कडेस राहिली. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत फिरवून आणली की तिची सेवा झाली, असे आम्ही समजत असू.

तेथेच आमचे चुकले. एवढ्याशा फेरीत एंजिन पुरते तापत नाही. पेट्रोल जळून झालेली वाफ आतल्या थंड धातूवर पाणी होऊन बसते. तीत काजळी व जुने तेल मिसळले की प्रथम लोण्यासारखा आणि पुढे डांबरासारखा साका धरतो.

तीन वर्षांमागे कोणी सुचविले म्हणून मळ धुऊन काढणारे आजकालचे उंची तेल घातले. नंतर पेडण्याहून परतताना, सूनबाई व तान्हा नातू गाडीत असता, धारगळ ओलांडताच तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला. दिवाच बिघडला असावा, असे मानून कोलवाळचा पूल तरी गाठावा हा मोह झाला. तरीही एंजिन बंद केले. अखेर आमच्याच तांदळाच्या ट्रकला बांधून गाडी घरी आणावी लागली.

मेस्त्रींनी तेलाचे चेंबर उतरविले. तळाशी बोटभर गाळ, आणि ज्या जाळीतून पंप तेल ओढतो ती पुरती लिंपलेली. नव्या तेलाने भिंतींवरचा मळ सोडविला खरा, परंतु तो सारा जाळीवर येऊन बसला. चाळणीची भोके बुजल्यावर काय होते हे धान्याच्या व्यापाऱ्यास कोणी सांगावयास नको!

रॉकेल ओतून एंजिन चालवावे, असे आम्ही सुचविले. “शेट, तसे केले तर बेअरिंगे जातील,” मेस्त्री म्हणाले. त्यांनी टॅपेट कव्हर काढले, लाकडी पट्टीने गाळ खरवडला, जाळी व चेंबर रॉकेलने ब्रश मारून धुतले, तेलाच्या वाटा हवेने फुंकल्या. धागे सुटणारे फडके त्यांनी जवळ येऊ दिले नाही. एका बेअरिंगवर ओरखडा उठला होता, तेवढे बदलले. नवे पॅकिंग लागले. पहिले तेल दोनशे किलोमीटरवरच काढून टाकले. तेही काळेच निघाले.

पोऱ्याने गाळाचा डबा ओढ्याकडे नेण्यास उचलला, तो आम्ही थांबविला. पाण्यावर तेलाचा तवंग आला म्हणजे आतील जीवांची काय गत होते, हे आपल्या समाजास ठाऊक आहे. डबा जुने तेल घेणाऱ्याकडे गेला.

घरी तीर्थरूपांची खतावणी उघडली. तीत गाडीचे स्वतंत्र खाते, प्रत्येक तेलबदलाची तारीख व मैल. आमच्या हातची नोंद एकही नव्हती. त्या रात्री पहिली लिहिली.

आता दर पंधरवड्यास गाडी पेडण्यापर्यंत नेतो. सूनबाई बरोबर येते. मात्र वाटभर तिची नजर त्या तांबड्या दिव्यावर असते.